कॅपच्या आत काय आहे?

हडपसरला गाडीतळाजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. मगरपट्ट्यातले आयटीवाले आणि मांजरी-फुरसुंगीचे शेतकरी इथे एकाच बाकावर नंबर लावून बसतात. प्रश्नही बहुतेकदा एकच असतो: "डॉक्टर, कॅप किती वर्षं टिकेल?"

१. कॅपचं आयुष्य कॅपमध्ये नसतं. कॉलेजात हे पाठ केलं होतं, पटलं मात्र दवाखान्यात. झिर्कोनियाची घ्यायची की मेटल-सिरॅमिकची, याची चर्चा घरी करूनच लोक येतात. आत उरलेल्या दाताबद्दल कुणी विचारत नाही. निघालेली कॅप रुमालाच्या गाठीत बांधून आणतात, तेव्हा ती बऱ्याचदा धडधाकट असते आणि तिच्या पोटात तुटलेल्या दाताचा तुकडा अडकलेला असतो.

२. कॅपआधी बहुतेकदा रूट कॅनल झालेलं असतं. त्यामुळे दात वाळून ठिसूळ होतो, हा समज फार खोल रुजलाय. खरं तर ओलाव्यात फारसा फरक पडत नाही. दात कमजोर होतो तो किडीनं खाल्लेल्या भिंतींमुळे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नुसत्या रूट कॅनलनं दाताचा ताठरपणा ५ टक्के घटला. शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही कडा गेल्यावर मात्र ६३ टक्के. हे आकडे वाचल्यापासून शाबूत कडेवर ड्रिल लावताना माझा हात आपोआप थांबतो.

३. सगळ्यात जास्त लक्ष मागणारं काम शेवटी कुणालाच दिसत नाही. भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. खालची दाढ, गालाकडची भिंत उभी, जिभेकडची हिरडीपर्यंत गेलेली. आधी रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून फक्त ती दाढ पडद्याबाहेर ठेवायची. मऊ कीड खरवडत जायचं. टणक दात लागला की हत्याराचा आवाजच बदलतो. मग भोवती धातूची पट्टी आवळायची, आम्लाचं जेल लावून धुवायचं, बाँडिंग लावायचं आणि कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाखाली कडक करायचा. हा झाला कोअर. मध्येच लाळ शिरली तर चिकटण्याची ताकद गेलीच. मावशींनी नंतर विचारलं, "एवढं करून वरून झाकूनच टाकायचं ना?" झाकायचंच होतं. कॅप पकडून ठेवणार होतं ते हेच.

४. पोस्टमुळे दात मजबूत होत नाही. दाताच्या मुळामध्ये बसवलेली ती खुंटी फक्त कोअरला धरून ठेवते, आणि तिच्यासाठी मूळ आतून कोरावं लागतं. टोकाकडचं चार-पाच मिलिमीटर भरण तर राखावंच लागतं, नाहीतर तिथून जंतू शिरतात. दाढेत भिंती पुरेशा असल्या तर नसेच्या पोकळीतच कोअरला पकड मिळते. गरज नसताना पोस्ट न घालणं हासुद्धा उपचारच, असं मी आता मानतो.

५. हिरडीच्या वर, शक्यतो चहूबाजूंनी, दीड-दोन मिलिमीटर खरा दात हवा. कॅपच्या कडेनं कोअरला नाही, या खऱ्या दाताला कवेत घ्यायचं असतं. तेवढा नसेल तर हिरडी खाली घेता येते, कधी दात तारेनं वर ओढता येतो. दोन्ही जमत नसेल तर बऱ्याचदा दात काढावा लागतो. हे सांगणं मला आजही जड जातं. पण रुग्णाचा पैसा खर्च व्हायच्या आधीच ते सांगायला हवं.

६. रूट कॅनलनं ठणका थांबला की कॅप मागे पडते. "ऊस जाऊ दे," "लग्न उरकू दे." तोवर तात्पुरतं भरण झिजतं, कडेनं लाळ आत झिरपते आणि एखाद्या दिवशी भाकरीच्या कडक काठावर उरलेली भिंत चिरते. चीर मुळापर्यंत गेली, तर मग ना कोअर उपयोगाचा ना कॅप.

म्हणून दाढेचं रूट कॅनल झालं असेल तर कॅप लांबवू नका. आणि माप द्यायला खुर्चीत बसाल, तेव्हा कॅपचा रंग ठरवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, "माझा स्वतःचा दात किती उरलाय?" आरसा मागून घ्या आणि तो बघाच.