माऊस त्यांच्याच हातात राहू दे

अंबड, नाशिक

चि. सोनूस,

त्रिमूर्ती चौकातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तू शिकवायला लागलीस हे ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. कारखान्याच्या स्टोअरमधली नोकरी सांभाळून संध्याकाळी मीही बरीच वर्षं हेच काम केलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

शिकणाऱ्याच्या हातातला माऊस कधी घेऊ नकोस. माझ्याकडे एक टर्नर यायचे, पहिली पाळी सुटली की तडक. लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारा हात, पण डबल क्लिक जमेना. दोन क्लिकच्या मध्ये माऊस हलायचा. मागे चार जण खोळंबलेले, म्हणून दर वेळी मीच फाइल उघडून द्यायचो. कोर्स संपत आला तरी त्यांना एकट्याने फाइल उघडता येईना. चूक माझी होती. एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी फाइल उघडते, एवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर भागलं असतं. माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेगही कमी करता येतो.

मोठ्या वयाच्या माणसांना आपल्या हातून काही बिघडेल याची धास्ती असते. म्हणून टायपिंगच्या आधी कंट्रोल-झेड शिकव. लिहिलेला मजकूर मुद्दाम पुसायला लाव, मग परत आणायला लाव. आखडलेले खांदे लगेच सैल होतात.

एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ पासून चालू आहे. बऱ्याच सरकारी नोकऱ्यांत ते किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे काही जण परीक्षेपुरतेच येतील. त्यांना नावं ठेवू नकोस, पोटाचा प्रश्न असतो. परीक्षेची तयारी करून घेच. पण एक्सेल शिकवताना पुस्तकातली मार्कलिस्ट पुढे करू नकोस. आपल्याकडे येणाऱ्यांचे रोजचे कागद म्हणजे हजेरीपत्रक, चलन, जॉब कार्ड, गेट पास. तेच समोर ठेव.

आणि यंत्र गुपचूप कुठे चुकवतं, ते आवर्जून दाखव. एका कारखान्यात पगाराच्या यादीत १६ आकडी खातेनंबर टाइप केले गेले आणि त्यांचे शेवटचे आकडे शून्य झाले. टाइप करणाऱ्या मुलीने नंबर बरोबरच टाकले होते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढच्या जागी शून्य घालतं. पगार अडकले, बोलणी तिला बसली. नंबरच्या सुरुवातीचं शून्यही ते असंच गिळतं, आणि १२ अंकी आधार नंबर मध्येच ‘ई’ घुसून भलताच दिसायला लागतो. ज्या आकड्यांची बेरीज कधी करायची नाही तो मजकूर समजायचा, हे डोक्यात पक्कं बसव. टाइप करण्याआधी रकाना टेक्स्ट करून घ्यायचा. नंतर केला तर गेलेला आकडा परत येत नाही.

सिडकोतल्या बचत गटाच्या बायका आल्या तर मराठी टायपिंगपासूनच सुरुवात कर. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी बाराखडी येणाऱ्याला आपली वाटते: मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क ची कळ शिफ्टसकट दाबली की ख. तसंच ग-घ, त-थ, प-फ. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण टाइप करताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे बोलतो त्याच क्रमाने. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांना हे आठवडाभर जड जातं. तेवढा धीर धर. जुन्या फॉन्टमध्ये मात्र शिकवू नकोस. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकुराची निव्वळ गिचमिड होते. युनिकोडमध्ये लिहिलेलं मोबाइलवरसुद्धा वाचता येतं. गटाचा हिशेब अध्यक्षबाईंना मोबाइलवरच बघायचा असतो.

शनिवारी क्लास सुटायच्या वेळेला चक्कर मारतो. स्टोअरमधून रद्दीत निघालेली कोरी जॉब कार्डं आणि गेट पासची पुस्तकं साहेबांना विचारून बाजूला ठेवली आहेत. दोन बॅचना पुरतील.

तुझा मामा