नवा द्राक्षारस कोणत्या भांड्यात?



आपल्याकडे नाताळची तयारी खरे तर द्राक्षांच्या हंगामातच सुरू होते. जानेवारी ते एप्रिलमध्ये नाशिककडची द्राक्षे बाजारात उतरतात आणि काही घरांत आजीच्या हाताची वाइन करण्याची आठवण निघते. कोणी मनुकांची करतात, कोणी पावसाच्या तोंडावर जांभळांची. कृती विचारणारे पुष्कळ असतात. साखर किती, दिवस किती, मसाला कोणता, हे सगळे विचारले जाते. रस कोणत्या भांड्यात ठेवायचा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. घरात जे मोठे भांडे रिकामे असेल ते घेतले जाते. पण पेयाची चव कृतीवर अवलंबून असली, तरी पिणाऱ्याची प्रकृती बरीचशी भांड्यावर अवलंबून असते. म्हणून या रविवारी आपण भांड्यांचाच विचार करू.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि वाइन मद्यातच मोडते. घरच्यापुरती केली तरी कायदा तिला वेगळे काढत नाही. तेव्हा ज्यांच्या मनात असेल त्यांनी प्रथम राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. विक्रीचा तर विचारही करू नये. मात्र पुढे दिलेले भांड्यांचे नियम वाइनपुरते नाहीत. विंदालू-सॉर्पोतेलसाठी घरी मुरवलेला सिरका, लिंबाचे आणि कैरीचे लोणचे, गाजराची कांजी, कोकमाचे आगळ अशा प्रत्येक आंबट पदार्थाला ते लागू आहेत. म्हणून हा लेख सर्वच घरांच्या उपयोगाचा आहे.

शुभवर्तमानातील बुधले

नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालू नये, नाहीतर बुधले फुटतात आणि रसही सांडतो, हा प्रभू येशूचा दाखला मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदवला आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ आपण प्रवचनात ऐकतो. पण ऐकणाऱ्या लोकांना तो चटकन समजला, कारण ती त्यांच्या घरातली गोष्ट होती. बुधला कातड्याचा असे. नवे कातडे लवचीक असते, आत वायू तयार झाला की ते ताणले जाते. जुने कातडे कडक झालेले असते, ते ताणत नाही, फाटते.

हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातली साखर खातात. तिचे साधारण निम्मे वजन अल्कोहोलमध्ये जाते आणि निम्मे वायूत. एक लिटर रसात दोनशे ग्रॅम साखर असेल आणि ती सगळी आंबली, तर सुमारे पन्नास लिटर वायू बाहेर पडतो. एका लिटरच्या बरणीतून पन्नास लिटर! अशा बरणीचे झाकण घट्ट आवळले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. काच फुटली की तिचे तुकडे दूरवर उडतात, आणि बरणी बहुधा स्वयंपाकघरात, मुलांच्या वावरातच ठेवलेली असते.

म्हणून पहिला नियम असा, की भांड्यातून वायूला बाहेर पडायची वाट हवी. दुसरे, भांडे काठोकाठ भरू नये. पाऊण भरावे. पहिल्या चार-पाच दिवसांत फेस येतो आणि द्राक्षांच्या साली फुगून वर चढतात. त्यांना जागा नसेल तर त्या तोंड बुजवतात आणि वाट बंद होते.

आंबट रस आणि धातूची भांडी

ताक पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकते, हे आपल्या आईला आणि आजीला कोणी शिकवावे लागले नाही. म्हणूनच तांब्या-पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई केली जात असे. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ लेप. तो झिजला की आंबट पदार्थ थेट तांब्याला भिडतो, तांबे त्यात उतरते, पदार्थाची चव तुरट होते आणि खाणाऱ्याला मळमळ व उलट्या होतात.

द्राक्षांचा रस ताकासारखाच आंबट असतो. फरक असा, की ताक भांड्यात तासभर राहते आणि रस कित्येक आठवडे. म्हणून तांबे आणि पितळ, कल्हई असली तरीही, आंबवण्यासाठी वापरू नये.

ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपण ज्याला जर्मनचे पातेले म्हणतो ते, आंबट रसाने खडबडीत होते आणि धातू रसात मिसळतो. लोखंडाने रस काळपट होतो आणि त्याला गंजाची चव येते. सर्वांत जपायला हवे ते पत्र्याच्या बादलीपासून. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. आंबट सरबत अशा बादलीत काही तास ठेवून प्याल्यामुळे लोकांना जस्ताची विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. लग्नाच्या घरी सरबत कालवतानाही हे लक्षात ठेवावे.

न दिसणारे शिसे

तांबे चवीला तुरट लागते, म्हणून निदान कळते तरी. शिसे तसे कळत नाही. आंबट रसात उतरलेले शिसे उलट किंचित गोडसर लागते. त्याचा एक इतिहास सांगण्यासारखा आहे.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाचा आंबवलेला रस घरोघर पीत. तिथे पोटात मरणाची कळ येण्याचा आणि पुढे हातपाय लुळे पडण्याचा आजार पिढ्यानपिढ्या होता. लोक रसाच्या आंबटपणाला दोष देत. जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी १७६७ मध्ये दाखवून दिले, की दोष रसाचा नसून भांड्यांचा आहे. डेव्हनमध्ये रस काढण्याच्या चरकांना आणि हौदांना शिसे लावलेले असे. हेरफर्डमध्येही लोक तोच रस पीत, पण तिथल्या चरकांना शिसे नव्हते आणि तिथे हा आजारही नव्हता. शिसे काढून टाकल्यावर डेव्हनमधला आजारही ओसरला.

आपल्याकडे शिसे येण्याची वाट म्हणजे झिलई. मातीच्या किंवा चिनी मातीच्या काही भांड्यांवरच्या, विशेषतः आतून भडक रंगवलेल्या भांड्यांवरच्या, झिलईत शिसे असू शकते. शोभेची बरणी शोभेलाच ठेवावी. जुन्या बरणीच्या आतल्या झिलईला केसासारख्या भेगा पडल्या असतील, किंवा टवका उडाला असेल, तर तिच्यात तांदूळ-डाळ ठेवावी, आंबट पदार्थ ठेवू नये. पाहून, वास घेऊन किंवा चाखून शिसे ओळखता येत नाही. म्हणून शंका आली की ते भांडे बाजूला काढणे, एवढाच घरगुती उपाय आहे.

निळी पिंपे: आपल्या शेलारसाठी विशेष सूचना

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. आपल्या परिसरात यंत्रमाग आहेत, सायझिंग आणि डाइंगची कामे चालतात, आणि भिवंडीच्या चारी बाजूंना गोदामे आहेत. या धंद्यांना रंग, आम्ले, कॉस्टिक, विरंजक अशी नाना रसायने लागतात. त्यांतली पुष्कळशी निळ्या प्लास्टिकच्या पिंपांतून आणि कॅनमधून येतात. रिकामी पिंपे भंगारात जातात, तिथे धुतली जातात आणि स्वस्तात विकली जातात. पाण्याच्या टंचाईमुळे घरोघर अशी पिंपे दिसतात. मोठे आहे, झाकण घट्ट बसते, धुतल्यावर वासही येत नाही. मग त्यातच रस ठेवला तर काय बिघडले, असे कोणालाही वाटू शकते.

बिघडते ते असे. प्लास्टिक वरून गुळगुळीत दिसले तरी ते रसायने थोडीफार आत शोषून घेते. पाण्याने आणि साबणाने फक्त वरचा थर धुतला जातो. पुढे त्यात आंबट आणि अल्कोहोल असलेला रस आठवडेच्या आठवडे राहिला, की जे पाण्याला निघाले नाही ते रसाला निघते. पिंपात पूर्वी काय होते हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते, कारण वरचे लेबल केव्हाच गेलेले असते.

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात एक नियम आहे. मातीच्या भांड्यात अशुद्ध वस्तू पडली तर ते भांडे धुवून चालत नसे, फोडून टाकावे लागे. लाकडी भांडे मात्र पाण्याने धुवून घेता येई. तो शुद्धतेचा धार्मिक नियम होता, रसायनशास्त्राचा नव्हता. तरीही भांड्याच्या अंगात जे मुरले ते धुण्याने जात नाही, ही समज आपल्याला पिंपाच्या बाबतीत उपयोगी पडते. आमचे सांगणे इतकेच, की रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी खाण्यापिण्यासाठी वापरू नये. पिण्याच्या पाण्यासाठीही नको.

प्लास्टिकच घ्यायचे असेल तर नवे घ्यावे आणि खाद्यपदार्थांसाठीचे आहे ना, ते पाहून घ्यावे. पेला आणि काटा यांचे चित्र तळाशी असेल तर ते खाद्यासाठी बनवलेले असते. त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. या कामाला २ किंवा ५ बरा. ३, ६ आणि ७ टाळावेत. मात्र आकडा केवळ प्रकार सांगतो, भांड्यात पूर्वी काय होते ते सांगत नाही. रंगाचा डबा, फिनेलचा कॅन यांच्यावरही २ हा आकडा असू शकतो. रस उपसायला बागेची रबरी नळी वापरू नये. खाद्यासाठीची सिलिकॉनची नळी मिळते.

मग घ्यावे तरी काय?

काचेची रुंद तोंडाची बरणी सर्वांत उत्तम. काच रसाला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेत नाही. आत काय चालले आहे ते दिसते, बुरशी आली तर लगेच कळते. उन्हापासून जपावी, कापड गुंडाळून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. थंड बरणीत उकळते पाणी ओतू नये, ती तडकते.

चांगल्या प्रतीची, आतून पांढरी आणि अखंड झिलईची चिनी मातीची सट हा आपला जुना आणि भरवशाचा पर्याय. मात्र लोणच्याची सट या कामाला घेऊ नये. मोहरी-हिंगाचा वास तिला सोडत नाही.

स्टीलचे पातेले पहिल्या आठवड्यासाठी चालते. स्वस्त भांड्यांचे स्टील आंबटाला तितकेसे टिकत नाही, म्हणून दुकानदाराकडे ३०४ प्रतीचे मागावे. गंजाचा ठिपका असेल तर नको.

साधे मातीचे मडके सच्छिद्र असते. त्याच्या छिद्रांत मागचे अवशेष राहतात आणि रस खराब होतो. जॉर्जिया देशात मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरून वाइन करतात, पण त्यांना आतून मेणाचा हात दिलेला असतो. युनेस्कोने २०१३ मध्ये त्या पद्धतीची वारसा म्हणून नोंद घेतली. त्यामागे पिढ्यांचे कसब आहे. बाजारातले माठ आणून ते साधत नाही.

झाकण आणि स्वच्छता

पहिले चार-पाच दिवस तोंडाला स्वच्छ, दुपदरी फडक्याचा दादरा बांधावा. वायू निघून जातो आणि चिलटे आत शिरत नाहीत. चिलटांबरोबर सिरका करणारे जीवाणू येतात, म्हणून ती क्षुल्लक समजू नयेत. साली गाळून काढल्यावर मात्र हवा नको. तेव्हा झाकणाला भोक पाडून खाद्यासाठीची नळी घट्ट बसवावी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवावे. वायू बुडबुड्यांनी बाहेर येतो, हवा आत जात नाही. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत बाटलीत भरण्याची घाई करू नये. बाटल्या फुटतात त्या या घाईमुळेच.

भांडे आधी सोड्याच्या कोमट पाण्याने घासून, खळखळून धुवावे. सरबतासाठी वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चमचाभर घेऊन लिटरभर पाण्यात विरघळवावे आणि त्याने भांडे शेवटी विसळावे. त्याचा वास उग्र असतो. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

एक गैरसमज

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून आंबवलेल्या रसातच ते विष तयार होते, असे काहीजण समजतात. मालवणीतले विष मिथेनॉल होते. ते उद्योगधंद्यांत लागणारे रसायन आहे आणि दारूत मिसळलेले होते. फळे आंबताना मिथेनॉल अगदी अल्प तयार होते, त्याने तसा अपाय होत नाही. धोका बाहेरून आत येणाऱ्या वस्तूंचा असतो, आणि भांडे ही त्यांच्या येण्याची नेहमीची वाट आहे.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. काच किंवा अखंड झिलईची चिनी माती प्रथम पसंतीची.
२. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि जस्ताचा पत्रा वर्ज्य.
३. भंगारातले पिंप, रंगाचा किंवा रसायनाचा डबा कधीही नको.
४. भांडे पाऊणच भरावे, वायूला वाट ठेवावी.
५. एका भांड्याला एकच काम द्यावे आणि त्यावर चिठ्ठी लावावी.
६. शंका आली तर रस ओतून द्यावा. द्राक्षांचे पैसे पुन्हा मिळवता येतात.

काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण होते, असे संत योहान मुद्दाम सांगतो. पाहुण्यांपैकी कोणीही ते रांजण पाहायला गेले नाही. पेला पुढे आला आणि त्यांनी विश्वासाने घेतला. आपल्या घरी नाताळला येणारे शेजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कुलकुल आणि करंज्यांबरोबर आपण जे काही पुढे करू ते असेच न विचारता घेतात. म्हणून भांडे पारखण्याचे काम आपले आहे, आणि ते रस ओतण्यापूर्वी करायचे आहे.