सूज एक, दुखणी दोन

धडगाव-अक्कलकुव्याकडचं सुजलेलं मूल दवाखान्यात आलं की आधी कुपोषणच आठवतं. पॅथॉलॉजीच्या टेबलावर बसून मला जे उमगलं, ते असं.

१. लघवी तपासल्याशिवाय सुजेला नाव देऊ नये. रक्तातलं अल्ब्युमिन कुपोषणात उतरतं, तसंच नेफ्रॉटिक या मूत्रपिंडाच्या आजारातही. पण नेफ्रॉटिकमध्ये ते लघवीवाटे जातं आणि पट्टीवर ३ ते ४ प्लस येतं. नुसत्या कुपोषणात येत नाही. पट्ट्या संपल्या असतील तर परीक्षानळीचा वरचा भाग तापवावा. गढूळ झालं की ॲसेटिक ॲसिडचे थोडे थेंब टाकावेत. फॉस्फेट असेल तर निवळतं, प्रथिनं असतील तर गढूळपणा तसाच राहतो.

२. आईला लघवीचा रंग विचारावा, तिच्या बोलीत. ‘कोऱ्या चहासारखी आणि थोडी-थोडी’ असं उत्तर आलं की नेफ्रायटिकची, म्हणजे मूत्रपिंडाच्या दाहाची, शंका घ्यावी. मग खरजेच्या खुणांसाठी बोटांच्या बेचक्या बघाव्यात. घसा दुखल्यावर हा आजार १-२ आठवड्यांत दिसतो, पिकलेल्या खरजेनंतर मात्र ३ ते ६ आठवड्यांनी. तोवर फोड वाळलेले असतात आणि घरचे ते विसरूनही गेलेले असतात.

३. रक्तदाब मोजावाच, मुलाच्या दंडाच्या मापाच्या कफने. नेफ्रायटिकमध्ये तो चढून झटके येऊ शकतात.

४. लघवी ताजी हवी. मोलगीहून जीपने उन्हात आलेल्या बाटलीत पेशी फुटतात, कास्ट विरघळतात. शक्य तर तिथल्या तिथेच सेंट्रिफ्यूज करून गाळाचा थेंब बघावा. कंडेन्सर खाली घेऊन उजेड मंद केला नाही तर कास्ट नजरेतून निसटतात. कव्हरस्लिपच्या कडाही सोडू नयेत. तांबड्या पेशींचा एक कास्ट सापडला तरी रक्त ग्लोमेरुलसमधून आलंय, हे जवळजवळ ठरतं.

५. लाल लघवी म्हणजे नेफ्रायटिकच, असं आपल्या जिल्ह्यात तरी धरून चालू नये. इथे सिकलसेल बरंच आहे आणि त्यातही लघवीतून रक्त जातं. तेव्हा सिकलची तपासणीही करावी.

६. हा सगळा आटापिटा उपचारासाठी. मुलांच्या नेफ्रॉटिकमध्ये बहुधा ‘मिनिमल चेंज’ असतो: साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस धडधाकट, बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. तिथे प्रेडनिसोलोन हवं. खरजेनंतरच्या नेफ्रायटिसला सहसा ते लागत नाही. मीठ-पाणी बेतानं, लघवीचं औषध आणि रक्तदाबावर लक्ष, एवढ्यावर बहुतेक मुलं सावरतात. या नेफ्रायटिसमध्ये रक्तातलं सी-३ हे प्रथिन उतरतं, ते साधारण ६ ते ८ आठवड्यांत पूर्ववत होतं. झालं नाही, किंवा दोन्ही आजारांची लक्षणं एकत्र दिसली, तर बायोप्सीसाठी पाठवावं.

७. नेफ्रॉटिकमध्ये सूज उतरली की गोळ्या थांबतात आणि घर ऊसतोडीला गुजरातेत जातं. पहिल्या खेपेला प्रेडनिसोलोन साधारण ६ आठवडे रोज आणि पुढे ६ आठवडे दिवसाआड द्यावं लागतं. म्हणून निघण्याआधीच पुरतील एवढ्या गोळ्या, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि तारखा लिहिलेला कागद आईच्या हातात द्यावा, आणि पट्टी कशी वाचायची ते तिच्याकडूनच एकदा करवून घ्यावं.