हिरड्यांतील रक्त काय सांगते?



डोंगरावर धूर दिसला की तेथे आग असली पाहिजे, असे आपण ओळखतो. तर्कशास्त्र शिकविताना हेच उदाहरण अगदी सुरुवातीला देतात. धूर ही आगीची खूण आहे, आगीचे कारण नव्हे. हे सर्वांना कळते. पण स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत मात्र आपण खुणेलाच कारण समजून बसतो.

दात घासताना थुंकीत रक्त दिसते. आपण म्हणतो, "ब्रश लागला असेल." मग त्या जागी ब्रश फिरविणेच बंद करतो. चार दिवस साफसफाई नाही म्हणून तेथे कीट साचते, हिरडी आणखी सुजते आणि रक्तही वाढते. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने सहसा रक्त येत नाही. रक्त येणे ही बहुधा हिरडी आधीच सुजल्याची खूण असते.

ही सूज येते कशी? दात आणि हिरडी जेथे मिळतात तेथे जंतूंचा चिकट थर सतत साचतो. तो वेळीच निघाला नाही तर काही दिवसांत कडक होतो व मग ब्रशने निघत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये डॉ. हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात साफ करणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट साफसफाई सुरू करताच साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या.

म्हणजे सुरुवातीचा आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केले तर मात्र सूज आत उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. उपचाराने झीज थांबविता येते. हे सारे घडताना बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून "दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" हा नियम येथे लागू पडत नाही.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन पुढील गोष्टी पाहा:

१. रंग : निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या जन्मतःच काळसर असतात. तो आजार नव्हे. पूर्वीचा रंग बदलून लालभडक किंवा जांभळट झाला आहे का, ते पाहा.

२. आकार : दोन दातांमधील हिरडीचे टोक निमुळते व घट्ट असते. ते फुगून गोल, चकचकीत झाले असेल तर सूज आहे.

३. रक्त : ब्रश करताना, पेरू किंवा सफरचंद चावताना रक्ताचा डाग दिसतो का?

४. जागा : दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? थंड पाण्याने शिवशिवतात का? नव्या फटींत अन्न अडकते का?

५. वास : दात घासूनही तोंडाची दुर्गंधी जात नाही का? हिरडी दाबल्यावर पू येतो का?

दात हलणे ही शेवटची खूण आहे. तिची वाट पाहू नका.

तंबाखू, विडी किंवा मशेरी वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. तंबाखूने हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. आग आहे पण धूर दिसत नाही, अशी ही अवस्था. अशा व्यक्तींनी रक्त येत नसले तरी तपासणी करून घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांत हा आजार अधिक आढळतो व तो बळावला तर साखर आटोक्यात ठेवणेही कठीण जाते. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात.

रक्त दिसले तर काय करावे? मऊ ब्रशने, जोर न लावता, हिरडीच्या कडेवर दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटे दात घासावे. रात्रीचे घासणे चुकवू नये. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरल्यास बरे वाटते, पण कडक कीट त्याने निघत नाही. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, किंवा पू, फटी वा दात हलणे दिसले, तर दंतवैद्यांकडे जावे. चेहरा सुजला वा ताप आला तर त्याच दिवशी जावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

"दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात," असा समज घरोघरी आहे. दात साफसफाईने सैल होत नाहीत. आधीच सैल झालेला दात कीटाच्या थराने धरलेला असतो. थर निघाला की ते लक्षात येते.

घरातील वृद्धांना आरशात नीट दिसत नाही. मुलांनी वा नातवंडांनी टॉर्च धरून त्यांच्या हिरड्या पाहाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यामुळे त्यांचे दात आणि जेवणातील आनंद अनेक वर्षे टिकू शकेल.