पत्र्याखालचे घर : उष्णतेचा हिशोब आणि कंत्राटदाराचा शब्द

महाड व पोलादपूर या तालुक्यांत मंगलोरी कौलांच्या जागी रंगीत पत्रा का आला, हे तेथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. माकडांचा उपद्रव, पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याचा खर्च आणि त्या कामाला न मिळणारी माणसे यांपुढे पत्रा निवडणाऱ्याला दोष देता येत नाही. दोष आहे तो पत्रा गळ्यात मारताना उष्णतेविषयी ठोकून दिल्या जाणाऱ्या विधानांचा. ज्या रायगड जिल्ह्यात मार्च २०१७ मध्ये भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेथे अशी विधाने निरुपद्रवी राहत नाहीत.

प्रस्तुत लेखकाच्या पोलादपूर तालुक्यातील घराचे छप्पर बदलायचे ठरले, तेव्हा पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून लाकडी फळ्यांचे छत घ्यावे, अशी मागणी प्रारंभीच करण्यात आली होती. कंत्राटदाराने ती अनावश्यक ठरवली, ‘जाड पत्रा तापत नाही’ असे चार माणसांसमक्ष सांगितले आणि जाडीचे वेगळे पैसे घेतले.

हे विधान पारखायचे, तर आधी उष्णता कशी जाते ते पाहावे लागते. ती तीन मार्गांनी जाते. पदार्थाच्या कणाकणांतून ती पुढे सरकते ते वहन. तापलेला द्रव किंवा वायू स्वतः हलून ती वाहून नेतो ते अभिसरण, ज्याचे जवळचे उदाहरण म्हणजे महाडजवळील सव येथील ऊन पाण्याची कुंडे, कारण तेथे वर येणारे पाणी जमिनीच्या पोटातली उष्णता सोबत आणते. आणि मधल्या माध्यमावाचूनही किरणांच्या रूपाने ती पोहोचते ते प्रारण. पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे उष्मावाहकतेच्या आकड्याने कळते. रूढ एककात हा आकडा पोलादासाठी सुमारे ५०, भाजलेल्या मातीसाठी एकाच्या आतबाहेर, लाकडासाठी ०.१ ते ०.२ आणि स्थिर हवेसाठी केवळ ०.०२६ असतो. अर्धा मिलिमीटर पोलाद उष्णतेला जो विरोध करते तो जवळजवळ शून्य असल्याने जाडी अर्ध्याची पाऊण मिलिमीटर केली, तरी खोलीतल्या माणसाला तिचा काहीही लाभ होत नाही. त्या जाडीने पत्रा मजबूत होतो, थंड होत नाही. कौलाचा फायदाही केवळ मातीच्या विरोधातून येत नाही. एक चौरस मीटर कौलारू छप्पर सुमारे ४० किलो, तर तेवढाच पत्रा सुमारे ४ किलो भरतो, म्हणून कौल सावकाश तापते. शिवाय कौलांच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते.

कंत्राटदाराच्या विधानाचा खोटेपणा पहिल्याच एप्रिलमध्ये उघड झाला. भर दुपारी पंखा पूर्ण वेगाने चालू असतानाही डोक्याला व खांद्यांना झळ लागत होती. डोक्यावर नुसती चादर आडवी ताणून धरताच ती तत्क्षणी थांबली आणि चादर बाजूला घेताच पुन्हा लागली. चादरीने खोलीतल्या हवेचे तापमान बदलले नव्हते. तिने अडवले होते ते तापलेल्या पत्र्याच्या आतल्या पृष्ठभागावरून थेट खाली येणारे प्रारण. हे दाखवल्यावर कंत्राटदाराचे उत्तर एवढेच होते की, यंदा ऊनच जास्त आहे.

हिवाळ्यात पहाटे अंथरुणावर थेंब पडू लागले, तेव्हा त्याने ती गळती ठरवून प्रत्येक नटबोल्टभोवती लांबी भरली आणि त्याचेही पैसे मागितले. आकाश निरभ्र होते, पाऊस नव्हता. अशा रात्री पत्रा आकाशाकडे प्रारणाने उष्णता गमावून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि श्वासातली व चुलीवरची वाफ त्याला लागून दवासारखी जमते. लांबीने दव थांबत नाही, हे सांगूनही त्याने ऐकले नाही. पुढे फोन उचलणेही सोडले.

ज्यांना पत्रा घालायचाच आहे, त्यांनी वरची बाजू पांढरी किंवा फिकट घ्यावी. पत्र्याखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ थर बसवायचा असेल, तर चकचकीत बाजूसमोर निदान दोन-तीन सेंटिमीटर हवा मोकळी राहिली पाहिजे, कारण दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या थरातून उष्णता वहनाने सरळ पार होते आणि पैसे वाया जातात. आढ्याजवळ व वळचणीला हवेच्या वाटा ठेवाव्यात. जुना लाकडी माळा असेल, तर कोणीही कितीही सांगितले तरी तो काढू नये. काम देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी, सर्व अटी लिहून घ्याव्यात आणि पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. पत्र्याची जाडी, रंग आणि त्याखालची पोकळी यांपैकी उन्हाळा सुसह्य करणाऱ्या गोष्टी शेवटच्या दोनच आहेत. पहिलीसाठी उष्णतेच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत.