ज्यांचं नाव कोणी घेत नाही

आजचं वचन : 2 मक्काबी 12:38-45



यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांना पुरायला जातो, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. म्हणजे हे काही संत नव्हते. तरी तो त्यांना टाकून देत नाही. वर्गणी काढून सुमारे 2000 द्राख्मा चांदी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो, कारण मेलेले पुन्हा उठतील यावर त्याचा विश्वास आहे.

मध्ययुगीन चर्च मृतांसाठी प्रार्थना करताना याच उताऱ्याचा आधार घेई. 15व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये धर्मग्रामाकडे मृतांच्या नावांची एक यादी असे, तिला ‘बीड-रोल’ म्हणत. ‘बीड’ म्हणजे प्रार्थना. पुढे जपमाळेच्या मण्यालाही तोच शब्द चिकटला! धर्मगुरू ही नावं मोठ्याने वाचत आणि लोक प्रार्थना करत. ब्रिस्टलच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये वर्षातून एकदा, कोणी चर्चला काय दिलं तेही वाचलं जाई. वर्षश्राद्धासारखा स्मृतिदिनही असे. त्या दिवशी घंटा वाजे, मेणबत्त्या लागत, गरिबांना भाकर किंवा पैसे वाटले जात.

आता खरा प्रश्न. यादीत नाव येण्यासाठी बहुधा काहीतरी दान द्यावं लागे. मग ज्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, त्याचं काय? देवाची कृपा पैशाने मिळत नाही, हा धर्मसुधारकांचा आक्षेप मला पटतो. पण 1547 साली सहाव्या एडवर्डच्या राज्यात कायदा झाला आणि मृतांच्या मिस्सांसाठी ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. पैशाचा व्यवहार थांबला, पण त्यासोबत शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव घेणंही थांबलं. हे नुकसान मोठं होतं असं मला वाटतं.

कारण त्या यादीत भांडखोर शेजारी असेल, कंजूष व्यापारीही असेल. मेल्यावरही ते आपल्यातलेच आहेत, एवढंच ती यादी सांगत होती. आणि गरिबांसाठीही एक जागा होती. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चर्च सर्वच मृत विश्वासूंसाठी प्रार्थना करत असे. त्यात नाव लिहून द्यावं लागत नसे.

आपणही नोव्हेंबरात चर्चमध्ये नावं देतो. आजी, आजोबा, काका. माझी यादी तिथेच संपते. आपल्या सोसायटीचे वॉचमन गेले, त्यांचं नाव कोणी दिलं? ज्याच्याशी आपलं पटत नव्हतं, त्याचं?

आज एवढंच करूया. आपल्या घरातलं नसलेलं एक नाव आठवा आणि रात्रीच्या प्रार्थनेत ते मोठ्याने घ्या.

हे प्रभो, आम्ही ज्यांना विसरलो त्यांना तू विसरत नाहीस. त्यांना चिरशांती दे. आमेन.