थांबायचं असेल तर कारणासाठी

चि. मुक्ता,


परत चान्स कधी घ्यायचा, असं तू विचारलंस. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, सासूबाई म्हणतात वर्षभर पिशवीला विश्रांती दे, आणि तुला चौतिसावं लागलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. थांबायचं असेल तर काहीतरी कारण असावं आणि ते कारण तुला ठाऊक असावं. नुसत्या आकड्यासाठी थांबू नये. तुझ्यासारख्या, म्हणजे नवव्या आठवड्यात गर्भ पडला, सगळं साफ झालं, ताप-संसर्ग काही नाही, अशा स्त्रीसाठी हे लिहितेय.

हा सहा महिन्यांचा आकडा आला कुठून? २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक बोलावली आणि गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबावं अशी शिफारस त्यातून निघाली. तिच्यामागे मुख्यतः एकच मोठा अभ्यास होता, लॅटिन अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या अडीच लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींचा. अभ्यास मोठा होता खरा, पण आपोआप पडलेले गर्भ आणि मुद्दाम पाडलेले गर्भ त्यात वेगळे काढलेले नव्हते. तिथल्या बहुतेक देशांत तेव्हा गर्भपातावर कायद्याची बंदी होती, त्यामुळे चोरून, अस्वच्छ जागी केलेल्या गर्भपातांचे परिणामही त्या आकड्यांत मिसळले असणार. त्यावरून तुझ्याबद्दल काही ठरवणं मला पटत नाही. पुढे २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांवर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. या सगळ्यांचा पहिलाच गर्भ आपोआप पडलेला होता. सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांमध्ये पुन्हा गर्भ पडण्याचं प्रमाण सहा ते बारा महिन्यांनी राहिलेल्यांपेक्षा कमीच निघालं. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या जवळपास एकोणपन्नास हजार बाळंतपणांचा अभ्यास आला. लवकर राहिलं म्हणून मूल अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वाढीचं होतं, असं त्यातही दिसलं नाही.

तू संख्याशास्त्र शिकलेली आहेस, तेव्हा लगेच म्हणशील की ज्यांना पटकन राहतं त्या मुळातच निरोगी असतात, मग त्यांचं बरं होण्याचं श्रेय घाईला कसं द्यायचं? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मला २०१६ चा एक अमेरिकी अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. हजाराच्या आसपास स्त्रियांत दिवस कधी राहिले यापेक्षा प्रयत्न कधी सुरू केले, याची त्यांनी नोंद घेतली. तीन महिन्यांच्या आत प्रयत्न सुरू केलेल्यांना मूल होण्याचं प्रमाण थांबलेल्यांपेक्षा जास्त निघालं. तरीही लवकर सुरुवात करण्याचा निर्णय त्या जोडप्यांचा स्वतःचा होता, तेव्हा घाई केल्यानेच फायदा होतो असं मी म्हणणार नाही. घाईने नुकसान होतं याला मात्र पुरावा सापडत नाही, आणि आपल्याला एवढंच पुरे आहे.

पिशवीच्या विश्रांतीचं म्हणशील, तर गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला गळतं आणि नव्याने तयार होतं. गर्भ पडल्यावर दोन-तीन आठवड्यांतही बीज सुटू शकतं, पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. एक पाळी येऊ द्यावी असं डॉक्टर सांगतात, त्याने पुढच्या तारखा मोजायला सोपं जातं. शिवाय जुन्या गर्भाचा हार्मोन रक्तात काही आठवडे रेंगाळतो, तेवढ्यात घरी टेस्ट केलीस तर पट्टी उगाच फसवेल.

या सगळ्याच्या तळाशी एक समजूत आहे, तुझ्याच शरीराने कुठेतरी हात टेकले ही. वजन उचललं, स्कूटर चालवली, पपई खाल्ली, ही यादी आतापर्यंत कोणी ना कोणी तुला ऐकवली असेलच. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. ही चूक बीज तयार होताना किंवा फलनाच्या सुमारास होते; तेव्हा तुला दिवस राहिल्याचा पत्तासुद्धा नसतो. दिवस राहिल्याचं नक्की झालेल्या दर सहा-सातांपैकी साधारण एक गर्भ असा जातो. एकदा असं झालं की पुढच्या वेळी धोका थोडा वाढतो, तरी बहुतेकींचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं. खरा फरक वयाने पडतो. नॉर्वेतल्याच नोंदींनुसार गर्भ पडण्याचं प्रमाण पंचविशी ते तिशीत दहा टक्क्यांच्या आसपास असतं, आणि पंचेचाळिशीनंतर पन्नास टक्क्यांच्या वर जातं. चौतिसाव्या वर्षी सहा महिन्यांनी आकाश कोसळत नाही, पण ते महिने फुकटचेही नाहीत.

आता खरी कारणं. द्राक्षगर्भ असता, तर हार्मोन पूर्ण उतरल्याचं नक्की होईपर्यंत थांबावंच लागलं असतं. गर्भ नळीत राहून मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं असतं, तरी निदान तीन महिने. तुझं तसं काही नाही. थायरॉईड, साखर आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घे. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्त कमी आहे, तू त्यांत नसशीलच असं गृहीत धरू नकोस. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का, ते कागदांत बघ. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून सुरू कर, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी फलनानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत त्यातले निम्मे दिवस निघून गेलेले असतात. टॉर्च (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची तपासणी) यासारख्या महागड्या तपासण्यांची फाईल एका गर्भपातानंतर लगेच उघडायची गरज नसते. दोन-तीनदा झालं तर वेगळा विचार करावा लागतो.

मनाचं कारणही या खऱ्या कारणांतच मोडतं, आणि मी ते शेवटी लिहितेय म्हणून दुय्यम समजू नकोस. लंडन आणि बेल्जियममधल्या रुग्णालयांच्या २०२० मधल्या अभ्यासात, गर्भ गेल्यावर महिन्याभराने दर दहांपैकी जवळपास तीन स्त्रियांत मानसिक आघाताची लक्षणं होती, आणि नऊ महिन्यांनीही पाचांपैकी जवळपास एकीत होती. तेव्हा झोप उडाली असेल, सोनोग्राफीच्या खोलीचं नाव काढलं तरी छाती धडधडत असेल, तर आधी त्यावर उपचार घे. दुसरं मूल राहिलं की पहिलं विसरशील, असं सांगणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. तुला चार महिने थांबावंसं वाटलं तर थांब, वर्षभर वाटलं तर वर्षभर. ते पिशवीच्या नावावर मात्र घालू नकोस.

डॉक्टरांना एकच विचार: सहा महिने माझ्या प्रकृतीत काही दिसलं म्हणून सांगताय, की सगळ्यांनाच सांगता? कारण असेल तर ते सांगतील, आणि मग माझं पत्र बाजूला ठेवून त्यांचं ऐक. सासूबाईंना समजावण्याचं काम मात्र तू अंगावर घेऊ नकोस. ते तुझ्या नवऱ्याने, सलीलने करायचं.

तुझी,
मावशी